सत्तेचाळीस दोनशे

वाळपईच्या बाजारात माझं काजूचं दुकान.
मार्च लागला की बिया येतात, पोत्यांतून, बालद्यांतून,
कुणी शाळेच्या दप्तरातूनही आणतं.
ओल्या बिया मी परत करतो. वजनात मात्र
वडलांच्या वेळेपासून कुणाचं ग्रॅमभर खाल्लेलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढलं की प्रज्योत येतो.
चपला काढतो, मोबाईल काढतो, कमरेचा पट्टाही,
आणि काट्यावर उभा राहतो
पोत्यासारखा गप्प.
लाल आकडे थरथरतात, ठरतात.
तो वहीत लिहितो. वही भूगोलाची.

कारण एक जपानी मालिका, चित्रांतली.
मोठ्या डोळ्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलं
कुठल्याशा थंड गावी शिकतात, जॉकी व्हायचं म्हणून.
पहिले कितीतरी दिवस घोड्यावर बसूच देत नाहीत.
लीद उपसा, खूर धुवा,
घोड्याच्या आधी उठा.
रोज सकाळी वजन. हद्द साडेसत्तेचाळीस.
जास्त भरलं तर मास्तर ताट काढून घेत नाही,
नुसता बघतो.

मीही पाहिले चार-पाच भाग, त्याच्या खांद्यावरून.
खालच्या इंग्रजी ओळी वाचून होईपर्यंत
घोडे वळण घेऊन गेलेले असतात.
पण एक पोरगा लक्षात राहिला:
भिंतीला पाठ लावून
पेन्सिलीने स्वतःची उंची आखणारा.
दर महिन्याला रेघ वर.
त्याच्या घोडीला यातलं काही ठाऊक नाही,
ती आपली बाहीला नाक घासते.

आमच्या गावात घोडा नाही.
जिवंत घोडा प्रज्योतने एकदाच पाहिला,
मिरामारला, फोटोसाठी उभा केलेला,
कपाळावर गोंडे, एका डोळ्यावर माशा.
पन्नास रुपये दिले, वर बसला नाही.
कानात काहीतरी सांगून परत आला.

आहेत ते शिगम्यातले, घोडेमोडणीचे.
लाकडी मान, बांबूचा सांगाडा, झालरी.
कमरेला बांधायचा, तलवार उपसायची, ढोलावर नाचायचं.
स्वार माणूस, खालचे पायही माणसाचेच.
हा घोडा कुणाला वाहत नाही,
त्यालाच वाहावं लागतं.
यंदा गावाने प्रज्योतला उभं केलं.
म्हटलं, सुटलो. इथे वजन कोण विचारतो!

पण त्याने शीत सोडलं.
समोर बांगड्याचं हुमण, आणि हा काकडी चघळतो.

मंगळवारी तालमीत पाय लटपटला.
घोड्याचा कान तुटला.
हा उठला, घोडा सोडून जमिनीवर नीट ठेवला
आणि त्याच्यापुढे कमरेतून वाकला, तिकडच्यासारखा.
ढोलवाले हसले.
रात्री काट्यावर चढला तेव्हा कान हातातच.
"बाजूला ठेव तो," मी म्हटलं, "शंभर ग्रॅम असेल."
ठेवला. हसला नाही.

मग मी जे केलं ते सांगतो,
वजन-मापवाल्या साहेबाच्या कानावर जायचं तर जाऊ दे.
सांडलेल्या बिया गोळा करत मागे गेलो,
काट्याच्या फळीखाली पायाचा अंगठा घातला
आणि उचलली.
किती उचलायची ते अंगठ्याला नेमकं कळलं.
तीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे पकडलेत मी.

सत्तेचाळीस दोनशे.

घरी त्याने दोनदा भात मागून घेतला.
वर हुमण ओतून घेतलं, बोटं चाटली,
ताटावरच पेंगला.
मी वही उघडून पाहिली.
आकडा लिहिलेला होता, तारखेसकट.
पुढे बारीकसं प्रश्नचिन्ह.

सकाळी पार्वतीमावशी पहिली बालदी घेऊन आली.
मी काट्यापासून दोन पावलं लांब उभा राहिलो,
दोन्ही पाय दिसतील असा.
"आज रे काय झालं तुला?" ती म्हणाली,
"जवळ ये, आकडा वाच. मला दिसत नाही."